नाव पटावर, लेकरू फडावर

२०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारला एक घोर लागला. 'लाडकी बहीण' योजनेतल्या कितीजणींच्या दारात चारचाकी उभी आहे? विधानसभेची निवडणूक होऊन गेली होती, दीड-दीड हजारांचे हप्ते खात्यांवर पडले होते, आणि तिजोरीच्या तळाला हात लागल्यावर सरकारच्या लक्षात आलं की काही बहिणी माहेरी स्वतःच्या गाडीने येतात. मग परिवहन खात्याच्या याद्या निघाल्या. यादी घेऊन गल्लोगल्ली फिरायचं, गाडी खरंच आहे का, असली तर कुणाच्या नावावर, हे विचारून यायचं. हे काम सरकारने आपल्या सगळ्यात शेवटच्या पायरीवर बसलेल्या बाईकडे दिलं. अंगणवाडी सेविकेकडे.

गावच्या पुढाऱ्याच्या दारात उभं राहून "दादा, ही स्कॉर्पिओ कुणाची?" असं विचारायला छाती लागते. आयकरवाले अशा घरी जाताना पोलीस बंदोबस्त घेतात. आमची ताई पदर खोचून एकटी गेली.

त्याआधी जुलै २०२४ मध्ये योजनेचे अर्ज भरायलाही तीच होती. एका अर्जामागे पन्नास रुपये देऊ, असं शासन निर्णयात छापलं होतं. म्हणजे बहीण शोधायची ताईने, तिचा फॉर्म भरायचा ताईने, आणि बहीण गाडीवाली निघाली तर तिचं नाव वर कळवून गावात वैर घ्यायचं तेही ताईनेच. हे पन्नास रुपये तेवढे लक्षात ठेवा. पुढे त्यांची गाठ आठ रुपयांशी घालून द्यायची आहे.

पल्स पोलिओ आला की ताई. मतदार यादी आली की बीएलओ म्हणून ताई. करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं तेव्हा कुटुंब सगळ्यांचं आणि जबाबदारी ताईची. एवढ्यातून वेळ उरला तर समोर सतरंजीवर बसलेली तीन ते सहा वर्षांची लेकरं. आमच्या बीड जिल्ह्याने मात्र सरकारची ही अडचणही सोडवून ठेवली आहे. इथे वर्षातले सहा महिने सतरंजीवर लेकरंच नसतात.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे मेळावे होतात. पाटोदा तालुक्यात सावरगावला गर्दीचा समुद्र लोटतो. ऊसतोड कामगाराच्या पोराच्या हातात कोयता नको, पुस्तक पाहिजे, हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि टाळ्याही प्रामाणिक पडतात. दिवाळीच्या आगेमागे मात्र तेच टाळ्या वाजवणारे हात ट्रकमध्ये संसार चढवत असतात. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, पाण्याचा ड्रम, दोन शेळ्या, चार कोंबड्या, आणि सगळ्यात वर, पडू नये म्हणून गोधड्यांच्या खळग्यात बसवलेलं लेकरू. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज इथून गाड्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्यापासून पार बेळगावपर्यंत जातात. परतायचं ते मार्च-एप्रिलात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर.

मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यामागे. दोघांतला एकच आला तर 'अर्धा कोयता'. पाव कोयता अशी नोंद अजून सुरू झालेली नाही. झाली तर कागदावर येण्याची लेकराला तेवढीच एक संधी.

नोव्हेंबरात शिरूर कासार तालुक्यातल्या एका अंगणवाडीत जाऊन बसलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच ताईंना नोटीस निघायची. पटावर नावं भरपूर. समोर आजीजवळ ठेवलेली सहा-सात लेकरं, त्यातली दोन झोपलेली.

"बाकीची कुठं गेली, ताई?"

"कारखान्याला." जणू ती कामावरच लागली होती.

"मग नावं कमी केली का?"

"कशी करू सर? नाव कमी केलं की पट घटतो. पट घटला की वरून विचारणा. आन् नाव ठेवलं की महिन्याला वजन मागतंय ॲप. काटा माझ्याकडं, लेकरू कर्नाटकात. हितून मी कसं करू वजन?"

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. सरकारकडे असतं. सरकारकडे कायम एक ॲप असतं. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' आणलं. त्याआधी ताई अकरा नोंदवह्या लिहायच्या, त्या मोबाईलमध्ये गेल्या. मोबाईल इतके मरतुकडे की ॲप उघडलं की फोन बंद, आणि वर ॲप इंग्रजीतून. शेवटी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन गठ्ठ्यांनी नेऊन सरकारला परत केले. सरकारला कुणी वस्तू परत करतंय, हे दृश्य महाराष्ट्राने प्रथमच पाहिलं असावं. मग राज्याने स्थलांतरितांसाठी 'महाएमटीएस' नावाचं आणखी एक ॲप काढलं. लेकरू गाव सोडून गेलं की बटण दाबायचं, ते जिथं जाईल तिथली अंगणवाडी त्याला सामावून घेईल. पडद्यावर स्थलांतर एका बोटाने होतं. ट्रकमध्ये अख्खा संसार लागतो.

जुलै २०२५ पासून घरपोच आहाराच्या पाकिटासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. पाकीट खरोखर त्याच माणसाच्या हाती पडतंय ना, याची खात्री. खोटी नावं गळायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या बाईचा चेहरा पहाटे चारला उसाच्या पाचटात असतो तिचा चेहरा शिरूर कासारच्या फोनला कसा दिसणार? तिच्या नावाचं पाकीट गावात आणि ती सांगलीत. यंत्रणेच्या हिशेबी ती चक्क गैरहजर.

* * *

आता ते लेकरू जिथं सामावून घेतलं जाणार आहे तिथं जाऊन बघू.

कारखान्याच्या कडेला, गावापासून लांब, रानात कोप्या, म्हणजे झोपड्या. टोळी पहाटे तीन-चारला उठते, फडात जाते. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायच्या, संध्याकाळी गाडी भरून द्यायची. रात्री-बेरात्री गाडी आली तर रात्रीही भरायची. अंगणवाडी भरते सकाळी, सुटते दुपारी, आणि ती असते त्या गावात, त्या गावच्या लेकरांच्या पटाला मंजूर झालेल्या शिध्यावर. ती शोधायला आईने कधी जायचं? एक दिवस कामावर नाही गेली तर 'खाडा'. खाड्याचे पैसे उचलीतून कापतात. बेळगावकडे गेलं तर अंगणवाडीतली बाई कानडी, लेकरू बीडचं.

म्हणून लेकरू फडातच. झाड असलं तर फांदीला झोळी, नसलं तर ट्रॉलीच्या सावलीत. ट्रॅक्टर मागे घेताना कुणीतरी ओरडायचं, "लेकरं बघा रे!" त्या फडातली सुरक्षा व्यवस्था एवढीच.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात फडात बिबट्या असतो. मादी उसातच विते. तोड चालू असताना बछडे दिसले की काम थांबतं. वनखात्याला फोन जातो. माणसं येतात, पशुवैद्य बछड्यांना तपासतो, अंधार पडला की बछडे होते त्याच जागी नेऊन ठेवतात, आणि आई येऊन घेऊन जाईपर्यंत लांबून कॅमेऱ्याने पाहत बसतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रही आहे. फार चांगलं काम आहे, मनापासून म्हणतो. आपल्या सरकारला पिल्लू आणि आई यांची ताटातूट कळते, ती मिटवायला माणूस, गाडी आणि पैसा लागतो हेही कळतं, याचा पुरावा त्याच फडात मिळतो. त्याच फडाच्या बांधावर दुसरं एक पिल्लू झोपलेलं असतं, पण ते वनखात्याच्या अखत्यारीत येत नाही. कुणाच्या येतं, हे शोधताना मी कायद्यांत शिरलो.

* * *

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ होतं. तीसहून जास्त बाया कामाला असतील तर मालकाने पाळणाघर काढायचं. नव्या श्रमसंहितेत ते पन्नास कामगारांवर गेलं. साखर कारखाना हा कारखाना आहे, नावातच आहे. पण ऊस तोडणारी बाई कारखान्याची नाही. ती टोळीची, टोळी मुकादमाची, मुकादम वाहतूकदाराचा, आणि वाहतूकदाराचा कारखान्याशी करार. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, मळीही कारखान्याची. फडात तीनशे बाया असोत, कारखान्याच्या हजेरीपटावर त्यातली एकही नाही.

मनरेगा कायद्यात याहून सरळ लिहिलं होतं. कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली तर त्यांना सांभाळायला मजुरांपैकीच एका बाईला नेमायचं आणि तिला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची. किती सोपं! इमारत नको, निविदा नको, ॲप नको. बाई टोळीतलीच, भाषा घरची. म्हणजे पाझर तलाव खोदताना लेकरू असतं हे दिल्लीला २००५ साली ठाऊक होतं. ऊस तोडताना ते असतं हे मुंबईला अजून कळायचं आहे.

आणि ज्यांच्याकडे कायदा नव्हता त्यांनी काय केलं? १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. महात्म्याच्या स्मरणार्थ मांडव उभे राहत होते आणि मजुरांची लेकरं विटांच्या ढिगाऱ्यात धूळ खात होती. मीरा महादेवन यांनी तिथेच एक तंबू ठोकला आणि लेकरं आत घेतली. त्यातून 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था झाली. पाळणाघर साइटबरोबर हलतं, बांधकाम संपलं की पुढच्या ठिकाणी जातं. पुण्यात 'तारा मोबाईल क्रेशेस' बांधकामांवर हेच करते. बिल्डरला जे जमतं ते सहकारमहर्षींना जमू नये? ही शंका मी नम्रपणे काढतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत काढली असती तर माईक बंद झाला असता.

राज्यघटना काय म्हणते तेही बघून ठेवलंय. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या लेकराला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्याला कलम ४५ दिलं: राज्य त्याच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा 'प्रयत्न करील'. मग २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. त्याचं कलम ११ म्हणतं, तीन वर्षांपुढच्या लेकरांच्या मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल'. करील नव्हे, करू शकेल! मराठी भाषेतलं सगळ्यात स्वस्त क्रियापद. मीही पुढच्या महिन्यात वजन कमी करू शकेन.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा 'पायाभूत स्तर' ठरवला. मेंदूची बहुतेक वाढ सहाच्या आत होते, हे त्यात ठळक लिहिलंय. अभ्यासक्रम आणि उपक्रमही आहेत, राज्याचा 'आकार', केंद्राचा 'आधारशिला', 'पोषण भी पढ़ाई भी'. नावं ठेवण्याचं काम आपल्याकडे कधी मागे पडत नाही.

* * *

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला, हे मंत्रालयातल्या एखाद्या बैठकीत विचारून पाहावं. बहुतेक दिल्लीहून आला असं उत्तर मिळेल, कारण १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तेव्हा देशात ३३ प्रकल्प होते. शब्द मात्र आपलाच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम उभारलं, अनुताई वाघ त्यांना जाऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर गेला. आदिवासींची लेकरं बालवाडीत येईनात. का येईनात म्हणून नोटीस काढण्याऐवजी या दोन बायांनी बालवाडीच उचलली आणि पाड्यावर, लेकरांच्या अंगणात नेली. म्हणून अंगणवाडी. थोडी मोठी लेकरं गुरांमागे जातात म्हणून येत नाहीत, असं दिसल्यावर शिक्षक गुरांमागे गेला. तिचं नाव कुरणशाळा.

कुरणात जे जमलं ते फडात जमायला खरंतर सोपं. गुरं रोज कुठं चरतील सांगता येत नाही, ऊस कुठं तुटणार हे मात्र शेतकी विभागाच्या तोडणी कार्यक्रमात आधी लिहिलेलं असतं. कोणत्या गटातला कोणता प्लॉट कोणती टोळी कधी तोडणार, सगळं. गेल्या ऐंशी वर्षांत आपण एवढंच केलं की अंगणवाडीला भिंती घातल्या, दाराला कुलूप लावलं, भिंतीवर छोटा भीम रंगवला आणि तिला गावात कायमची नेमणूक दिली. लेकराचं अंगण सहा महिन्यांसाठी दोनशे मैलांवर जातं. वाडी इथेच राहते.

* * *

आता आठ रुपये.

केंद्राने २०१७ साली ठरवलं की सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराच्या पूरक आहारावर दिवसाला आठ रुपये खर्च करायचे, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली तरी आकडा जागचा हलला नाही. त्या आठ रुपयांत तीन वर्षांवरच्या लेकराला सकाळचा खाऊ आणि दुपारचं गरम जेवण, २०१७ साली लागू असलेल्या निकषाने पाचशे उष्मांक, बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं. बीडच्या स्टँडवर एवढ्यात कपातला चहा येत नाही, बशीतला येईल. लेकरू तीव्र कुपोषित झालं तर बारा रुपये. चार रुपयांच्या बढतीसाठी एवढी कठोर पात्रता दुसऱ्या कुठल्याही योजनेत नसेल.

लाडक्या बहिणीच्या एका अर्जाचे पन्नास रुपये म्हणजे लेकराचं सहा दिवसांचं जेवण. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर लेकराचे २४०० रुपये होतात, बहिणीचे वर्षाला १८,०००. बहिणीला देऊ नका असं मी म्हणत नाही. लेकराची आईही कुणाची तरी बहीणच, तिला त्यांचा आधारच होतो. फक्त बहिणीला मत आहे. लेकराला ते यायला अठरा वर्षं लागतात, आणि आपल्याकडे सरकारं पाच वर्षांची असतात.

निकाल काय लागला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६.० टक्के लेकरं कमी वजनाची होती. पुढच्या पाहणीत ३६.१. उंची खुंटलेली ३४.४ होती, ती ३५.२ झाली. उंचीच्या मानाने हडकुळी २५.६ होती, ती २५.६ च राहिली. दरम्यान सरकारं बदलली, मंत्री बदलले, पुढे योजनेचं नाव बदलून 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' झालं. ते पंचवीस पूर्णांक सहा मात्र कुणाच्या बापाला ऐकलं नाही.

पैशाची बातमी होते, पण खरेदीची. २०१५ मध्ये महिला व बालविकास खातं आमच्या परळीकडे होतं. १३ फेब्रुवारीला एका दिवसात २४ शासन निर्णय निघून २०६ कोटींची खरेदी झाल्याचे आरोप झाले. चिक्की, सतरंज्या, पुस्तकं. मंत्री पंकजा मुंडे यांनी आरोप फेटाळले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पुढे क्लीन चिट दिली. विषय मिटला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरपोच आहाराच्या ६३०० कोटींच्या निविदा रद्द केल्या. तोही मिटला. या सगळ्या गदारोळात महाराष्ट्राला चिक्कीचा दर पाठ झाला, ठेकेदारांची नावं पाठ झाली. ज्याच्यासाठी चिक्की होती ते लेकरू त्या दिवशी कुठल्या जिल्ह्यात होतं, हे कुणी विचारलं नाही. दुपारच्या चर्चेत त्याचा पॅनलिस्ट नसतो.

ताईचं तर विचारूच नका. तिला पगार नसतो, 'मानधन' असतं. मानधन हा शब्द आपण कीर्तनकाराला वापरतो, वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाला वापरतो. म्हणजे मुळात पोटापाण्याचं दुसरं काही आहे आणि आमच्या आग्रहाखातर दोन तास आला, अशा माणसाला. डिसेंबर २०२३ च्या ४ तारखेला सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्या ५२ दिवस रस्त्यावर होत्या. तेव्हा सेविकेला दहा हजार मिळत होते, मदतनीसला साडेपाच. संप मिटला, आश्वासन निघालं, आणि वाढ प्रत्यक्षात आली ती विधानसभेच्या तोंडावर, २०२४ च्या शेवटी शेवटी. सेविकेला तीन हजार, वर दोन हजारांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. भत्ता कामगिरीवर. कामगिरीत वजनाच्या नोंदी आल्या. काटा माझ्याकडं, लेकरू कर्नाटकात.

* * *

सहाच्या वरच्या लेकरासाठी सरकारने थोडंफार केलंय. हंगामी वसतिगृहं आहेत; आई-बाप गेले तरी शाळकरी पोरं गावात राहावीत म्हणून. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना निघाली. तिचा हेतू चांगलाच आहे. पण घोडं पेंड खातं ते धाकट्यापाशी.

आईला दीड वर्षाचं लेकरू आहे. ते फडात न्यावंच लागतं, अंगावर पितंय. तिच्या दोन्ही हातांत कोयता आणि ऊस. मग लेकरू कोण धरणार? नऊ वर्षांची ताई. ही दुसरी ताई, बिनमानधनाची. तिचं नाव तिसरीच्या पटावर आहे, वसतिगृहात तिची खाट मंजूर आहे, गुरुजी घरी येऊन हात जोडून गेलेत. तरी ती ट्रकमध्ये चढते, कारण पाळणाघराची जागा रिकामी आहे आणि ती भरायला घरात दुसरं कुणी नाही. दोन हंगाम गेले की ती शाळेला परकी होते. पुढे चौदा-पंधराची झाली की कोपीवर एकटी कशी ठेवायची म्हणून लग्न. झालं लग्न की नवा कोयता तयार. बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण त्याच राष्ट्रीय पाहणीत चाळीस टक्क्यांच्या वर आहे. त्यावर परिषदा होतात, शपथा होतात, भिंती रंगतात. शाळाबाह्य मुलीची मोहीम शिक्षण खात्याची, बालविवाहाची महिला बालविकासची, कामगारांची सामाजिक न्यायची. तिन्ही खात्यांच्या बैठकीत चहा वेगवेगळा येतो. एका झोळीपासून सुरू झालेली ही गोष्ट आहे, हे लिहायला प्रत्येकाच्या नमुन्यात रकाना नाही.

केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. साडेसात तास हे ऑफिसचं माप झालं. फडात साडेसात तास झाले की अर्धी गाडी भरलेली असते.

पैसे कुठून आणायचे, असं विचारणारे आता उठून उभे राहिले असतील. बसा, सांगतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. कोरडं, गरीब, लेकरांच्या हालहवालाच्या यादीत वर्षानुवर्षं तळाला. थोडक्यात त्यांचं बीड. त्यांच्याकडे तेल निघालं. जास्तीच्या पैशातून त्यांनी २०२० मध्ये लहान लेकरांच्या संगोपनाचा वेगळा कायम निधी बांधला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून पाळणाघर सगळ्यांना फुकट केलं, उत्पन्नाची अट न घालता. दारात गाडी कुणाची, हे पाहायला बाई पाठवली नाही.

आपल्याकडे तेल नाही, पण साखर आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तेवढेच सरकारने द्यायचे, असं ठरलेलं आहे. राज्यात हंगामाला दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. दहाने गुणा, मग दोनाने गुणा. दोनशे कोटींच्या आसपास जातो आकडा, पाटीवर करता येतो. टोळीमागे एका बाईला दिवसाची मजुरी देऊन तिच्या हवाली लेकरं करायची म्हटलं तर हे पैसे कमी पडतील असं मला वाटत नाही. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ झाला, तेव्हा पुण्यात किती बैठका झाल्या, किती मोठमोठी माणसं एका टेबलाभोवती बसली! त्या टेबलावर मुकादमाचं कमिशन होतं. झोळी नव्हती.

* * *

परत निघताना त्याच गावात पारावर एक म्हातारबा भेटले. पंचवीस हंगाम केलेले, आता गुडघे गेले म्हणून घरी. नातवंडं कारखान्याला गेलेली. मी लेकरांचं विचारतोय म्हटल्यावर हसले.

"सरकार वजन करतंय म्हणं लेकराचं. आमच्या टायमाला कारखानाच करायचा."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बैलगाडी भरून काट्यावर न्यायची. रात्रीची वेळ, थंडी, बायको कोपीवर स्वयंपाकाला गेलेली, लेकरू कुठं ठेवावं म्हणून मोळ्यांवर आडवं टाकून वर चादर घातलेली. गाडी काट्यावर चढली. आत बसलेला क्लार्क खिडकीतून डोकावला, टॉर्च मारला आणि ओरडला, "ए, ते लेकरू उतरव आधी! उसात धरलं जातंय!"

"मग?"

"मग काय. उतरवलं. बाजूला पाचटावर बसवलं. गाडी पुढं गेली, पावती फाडली." त्यांनी तंबाखू मळली. "लई टोचायचं त्याला पाचट."